तरुणपणी कमावलेली ताकद आणि उतारवय



व्यायाम म्हटला की तो तरुणांचा विषय, असे आपण धरून चालतो. आज आम्ही तो उतारवयाचा विषय म्हणून आपल्यापुढे मांडणार आहोत. विशीत कमावलेल्या अंगाचे साठीत काय होते, हा प्रश्न आपल्या वस्तीत घरोघरी आहे. ज्या माणसाने ऐन उमेदीत पोती उचलली, त्याला आज खाटेवरून उठताना मुलाचा हात लागतो. त्याच्याच बरोबरीचा दुसरा गडी मात्र सत्तरीतही बाजाराची पिशवी घेऊन तीन मजले चढतो. हा फरक कशाने पडतो?

नायगावच्या बी.डी.डी. चाळी १९२० च्या दशकात उभ्या राहिल्या. तळमजला आणि वर तीन मजले, १६० चौरस फुटांची खोली, मजल्यावर सामाईक नळ व संडास. येथे राहणारी माणसे गिरणीत, गोदीत, रेल्वेत, महापालिकेत राबली. पाळी सुटली की गिरणगावातील पुष्कळ तरुण तालमीत जात, कबड्डीच्या मैदानात उतरत. जोर, बैठका, मुद्गल, मलखांब यांना पैसा लागत नव्हता. तेव्हा शरीर हीच गरिबाची पुंजी होती.

परंतु ही पुंजी बँकेतल्या ठेवीसारखी आपोआप वाढत नाही. वैद्यकशास्त्र सांगते की स्नायूंचा भर विशी-तिशीत सर्वांत जास्त असतो. तिशीनंतर दर दहा वर्षांना तो साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटतो आणि साठीनंतर ही घट वेग घेते. ताकद तर स्नायूंपेक्षाही लवकर उतरते. हाडांचेही तसेच. त्यांचा भक्कमपणा तिशीच्या आसपास पूर्ण होतो, पुढे फक्त खर्च होत राहतो. म्हणून ज्याने तरुणपणी जास्त कमावले, त्याची उतरण उंचावरून सुरू होते. दोघांचीही घट सारखीच झाली तरी एकाला जिना चढण्यापुरते उरते, दुसऱ्याला उरत नाही. तरुणपणच्या व्यायामाचा हा पहिला लाभ.

दुसरा लाभ असा. व्यायामाने स्नायूंच्या पेशीत नवी केंद्रके तयार होतात. पुढे व्यायाम थांबून स्नायू रोडावला तरी ती केंद्रके टिकून राहतात, असे नॉर्वेतील शास्त्रज्ञांना २०१० साली उंदरांवरील प्रयोगात आढळले. एकदा तालमीत घाम गाळलेला माणूस पुन्हा मातीत उतरला की त्याचे अंग लवकर भरते, हे जुने वस्ताद अनुभवाने सांगत आले आहेत.

मात्र येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. अमेरिकेतील डॉ. पॅफेनबर्गर यांनी हार्वर्ड विद्यापीठाच्या जवळजवळ १७ हजार माजी विद्यार्थ्यांची माहिती वर्षानुवर्षे गोळा केली. १९७८ साली त्यांनी दाखवून दिले की कॉलेजात खेळाडू असलेले, पण पुढे बैठे झालेले लोक हृदयविकारापासून वाचले नाहीत. उलट, कॉलेजात कधी मैदानावर न गेलेले, पण नंतर नियमित हालचाल ठेवणारे लोक अधिक सुरक्षित राहिले. म्हणजे जुन्या ढाली-पदकांवर हृदय चालत नाही.

आपल्या गिरणगावाने याचा कडू अनुभव घेतला आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यांतील असंख्य पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. कोणी भाजी विकली, कोणी वॉचमन झाला. दिवसभर साच्यापुढे उभा राहणारा माणूस रात्रभर स्टुलावर बसू लागला. पोटाची चिंता, अपुरी झोप, त्यात कोणाला व्यसन. अशा वेळी तरुणपणचे अंग किती दिवस पुरणार? यात त्या माणसांना दोष देता येत नाही. काम गेले तेव्हा कामाबरोबर होणारी मेहनतही गेली, हे त्यांना सांगणारे कोणी नव्हते. शिवाय कष्ट आणि व्यायाम एक नव्हेत. ओझ्याने कंबर आणि गुडघे झिजतात. व्यायाम बेताने वाढवला तर तेच सांधे सांभाळले जातात.

टिकवल्याने काय होते, याचे उदाहरण म्हणून पालवणकर बाळू यांचे नाव घेऊ. चर्मकार समाजातील हा मुलगा पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर मैदान झाडत असे, रोलर फिरवीत असे आणि साहेबांना सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकीत असे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात, वयाच्या पस्तिशीच्या सुमारास, त्यांनी ११४ बळी घेतले. चाळिशी ओलांडल्यावरही १९२० पर्यंत ते मोठ्या सामन्यांत गोलंदाजी करीत होते. १९३७ च्या निवडणुकीत ते बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले, हे आम्ही विसरलेलो नाही. पण मेहनतीने घडलेले आणि सततच्या खेळाने टिकलेले शरीर कसे असते, हे त्यांच्याकडून शिकण्यास हरकत नसावी.

आता ज्येष्ठांना वाटेल की आपली वेळ गेली. तसे नाही. १९९० साली अमेरिकेतील बॉस्टन येथे नव्वदीच्या आसपासच्या दुर्बल वृद्धांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला गेला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी पावणेतीन पट झाली. नव्वदीत हे होते, तर साठी म्हणजे काहीच नाही.

घरी एक परीक्षा करून पाहा. हात छातीवर घडी घालून खुर्चीवरून पाच वेळा उठा-बसा. पंधरा सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर पायांची ताकद घटली आहे असे समजा आणि डॉक्टरांना भेटा. रोज अर्धा तास झपाझप चाला. आठवड्यातून किमान दोन दिवस बैठका, भिंतीला टेकून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे असे ताकदीचे व्यायाम करा. रक्तदाब वा हृदयाचा आजार असेल तर आधी सल्ला घ्या. जेवणात डाळ, हरभरा, अंडी, सुकट, बोंबील यांपैकी परवडेल ते रोज असू द्या.

विद्यार्थ्यांना आमचे दोन शब्द. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे १० कोटींहून अधिक रुग्ण आहेत. जेवणानंतर रक्तातील साखरेचा मोठा वाटा स्नायूच शोषून घेतात, म्हणून कमावलेला स्नायू हा त्या रोगाविरुद्धचा पहारेकरी आहे. आरशासाठी चार महिने जिम आणि इंजेक्शने, मग नोकरी लागली की सगळे बंद, असे करू नका. थोडे करा, पण चाळिशीतही करता येईल असे करा. अभ्यासाच्या वेळापत्रकात त्याला रोजची जागा द्या.

चाळींच्या जागी आता उंच इमारती येत आहेत. त्यांना लिफ्ट आहे आणि ती ज्येष्ठांना हवीच. परंतु तीन मजल्यांच्या जिन्याने आपल्याकडून रोज न सांगता जो व्यायाम करून घेतला, तो यापुढे आपल्याला ठरवून करावा लागेल. म्हणून आमची संस्थेला विनंती आहे की अभ्यासिकेच्या शेजारी व्यायामाचीही एक जागा राखावी, तिथे सकाळी आजोबा आणि संध्याकाळी नातू यावेत. स्वतःच्या पायांवर उभे राहणे हा आपल्या चळवळीने शिकवलेला धडा आहे. तो म्हातारपणीही अक्षरशः पाळता यावा, एवढीच इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.

जय भीम.