मोठी गाडी दारात येते तेव्हा

सुगी संपली, हातात चार पैसे आले, की गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो. "ताई, पंधरा लाखांची गाडी दोन-अडीच लाखांत मिळतेय. घेऊ का?" पुण्या-मुंबईचा कुणी पाहुणा सांगतो, घरातली पुरुषमंडळी हरखून जातात आणि अंतर्गत कर्जाचा अर्ज मात्र बाईच्या नावानं येतो. म्हणून आज या गाडीबद्दल बोलू.

आमच्या घरी अशी गाडी तीन वर्षं आहे. इस्टेट गाडी म्हणतात तिला. पुढून मोटारीसारखी, पण छप्पर मागपर्यंत सरळ गेलेलं, डिकी एखाद्या खोलीएवढी. आपल्याकडे १९९२ साली टाटांनी याच नावाची गाडी काढली होती, काहींना आठवत असेल. आमची कंपनी परदेशी नावाची. माझ्या दिरांनी सव्वादोन लाखांत घेतली, तेव्हा ती बारा वर्षांची होती.

आधी चांगलं सांगते, कारण चांगलं आहेच. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्या मागच्या सीटवर पाय लांब करून घरी आल्या. जिल्ह्याच्या प्रदर्शनाला आम्ही मागची सीट पाडून पापडांचे बारा डबे, मसाल्याची खोकी आणि टेबलसुद्धा नेलं. टेम्पोचं भाडं वाचलं. पोरं मात्र डिकीत बसवायची नाहीत, कितीही हट्ट केला तरी. तिथं पट्टा नसतो.

आता खर्च. गाडी जुनी होते तशी तिची किंमत उतरते, पण सुट्या भागांची किंमत उतरत नाही. ते पंधरा लाखांच्या गाडीचेच राहतात. आमचे चार टायर छत्तीस हजारांचे झाले, जावेच्या लहान गाडीचे पंधरा हजारांत आले होते. आमची पेट्रोलची गाडी खेड्यातल्या रस्त्याला लिटरला दहा किलोमीटर देते, लहान गाडी अठरा. महिन्याला सहाशे किलोमीटर फिरलं तर आम्हाला साठ लिटर लागतं, तिला चौतीसच्या आत. पेट्रोल शंभर रुपये धरलं तरी महिन्याला अडीच हजारांच्या वर फरक. एवढ्यात गटाचा एक हप्ता निघतो. शिवाय तालुक्याचा मेकॅनिक हात लावायला तयार नसतो, शहरात न्यावी लागते. गाडी लांब आणि खाली बसकी. माणसं आणि सामान भरलं की आणखी खाली येते, आणि वस्तीच्या रस्त्यावर पोट घासतं. पावसाळ्यात आम्ही ती डांबरी सडकेवरच ठेवतो.

एक गोष्ट घेण्याआधीच विचारा. इंजिनात टायमिंग बेल्ट आहे का, आणि असेल तर तो कधी बदलला? हा रबरी पट्टा ठरावीक किलोमीटरनंतर बदलावा लागतो. चालत्या गाडीत तुटला तर बऱ्याच इंजिनांत आतले भाग एकमेकांवर आपटतात आणि अख्खं इंजिन खोलायची वेळ येते. बदलल्याची पावती दाखवा म्हणायचं. पावती नसेल तर बदललेला नाही असं समजून तेवढे पैसे किमतीतून कमी करायचे. दलाल हसेल, हसू द्या.

कागदांबाबत मी जास्त कडक आहे. सातबाऱ्यावर बोजा असतो तसा आरसीवरही असतो. आधीच्या मालकाचं बँकेचं कर्ज फिटलं तरी बोजा आपोआप उतरत नाही. बँकेचा दाखला आणि पस्तीस नंबरचा फॉर्म लागतो. नाव बदलायला एकोणतीस आणि तीस नंबरचे फॉर्म. विमाही चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा. "नावाचं नंतर बघू" हे ऐकायचं नाही. अपघात झाला तर कायदा आरसीवरचं नाव बघतो. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच सांगितलं.

दिल्लीकडे जुन्या गाड्यांवर निर्बंध आले तेव्हापासून तिकडच्या मोठ्या गाड्या इतर राज्यांत स्वस्तात येतात. तिथल्या आरटीओचं ना-हरकत पत्र नसेल तर त्या गाडीकडे बघूच नका. पत्र असलं तरी बारा महिन्यांहून जास्त इथं ठेवायची तर महाराष्ट्राची नोंदणी करावी लागते, आणि इथला कर भरावा लागतो. तो धरून किंमत काढा. गाडी पंधरा वर्षांची झाली की नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवायची. एप्रिल २०२२ मध्ये मोटारीला त्याची फी पाच हजार झाली, पण परदेशातून आयात केलेली असेल तर चाळीस हजार! शिवाय पर्यावरण कर वेगळा. आमची या वर्षी पंधरा वर्षांची झाली. सुदैवानं तिची जुळणी भारतातली आहे.

आणखी एक. कर्ज फेडायला "जत्रेला भाड्यानं लावू" असं घरात ठरत असेल तर थांबवा. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्यानं चालवता येत नाही. तशा फेरीत अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते.

मग घ्यावी का? घरात आजारी माणूस असेल, माल न्यायचा असेल, आणि खरेदीनंतर पन्नास हजार बाजूला राहत असतील तर घ्या, खुशाल घ्या. उसनवारी करून किंवा शेजारच्या वाड्याला दाखवायला नको. आणि कर्ज बाईच्या नावावर असेल तर आरसीसुद्धा तिच्याच नावावर.

आमच्या प्रभागातल्या एका गटात सध्या असाच एक लाखाचा अर्ज आहे. बायकांनी नाही म्हटलं नाही. बोजा उतरल्याचा कागद, बेल्टची पावती आणि आरसीवर कुणाचं नाव लागणार ते लेखी, एवढं त्यांनी मागितलं आणि इतिवृत्तात लिहून घेतलं. घरी यावरून दोन दिवस अबोला झाला म्हणे. तिसऱ्या दिवशी नवराच बँकेत दाखला आणायला गेला. पावती अजून आलेली नाही. पुढची बैठक पाच तारखेला आहे.