पितळेचा गंज आणि तान्ह्याचे दूध

भंडारा म्हटले की पितळेची भांडी आठवतात. लेकीच्या आंदणात गुंड, गंज, परात हवीच असायची. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. यातले तांबे आपल्या शरीरालाही लागते. पण अगदी थोडे, दिवसाला सुमारे एक मिलिग्रॅम.

अन्नातले तांबे आतड्यातून यकृतात पोहोचते. सुटे तांबे पेशींना घातक, म्हणून यकृत सेरुलोप्लाझ्मिन नावाचे प्रथिन तयार करते. त्याच्या एका रेणूत तांब्याचे सहा अणू बसवून ते रक्तात सोडले जाते. रक्तातले बहुतेक तांबे या निळसर प्रथिनातच असते. उरलेले तांबे यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. काही जणांत ही व्यवस्था जन्मतःच बिघडलेली असते. तांबे यकृतात आणि मेंदूत साचते. त्याला विल्सनचा आजार म्हणतात. तो वेळीच ओळखला तर औषधाने आटोक्यात राहतो. म्हणून रुग्णाच्या सख्ख्या भावंडांचीही तपासणी करावी.

आता तान्ह्या बाळाचे पाहा. जन्मतःच त्याच्या यकृतात तांब्याचा साठा जास्त असतो आणि पित्तावाटे ते बाहेर टाकण्याची ताकद मात्र कोवळी. पूर्वी अनेक घरांत बाळाचे वरचे दूध पितळेच्या भांड्यात तापवून त्यातच ठेवीत. कल्हई उडालेली असली की तांबे दुधात उतरे आणि दुधातले प्रथिन ते धरून ठेवी. मग पोट फुगे, यकृत दगडासारखे टणक होई, कावीळ होई. बहुतेक मुले दगावत. डॉक्टर त्याला भारतीय बाल-यकृतकाठिण्य म्हणत.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी या दुधाचा माग काढला. १९८३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा लेख आला. पेनिसिलामिन या औषधाने लवकर आलेली काही मुले वाचली. पण खरा गुण आला तो भांडे बदलल्याने. घरोघरी स्टील आले आणि हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला.

म्हणून सांगणे एवढेच. आजीचा पितळी गंज मोडीत काढू नका. कल्हई करून खुशाल वापरा. मात्र बाळाला पहिले सहा महिने आईचेच दूध द्या. वरचे दूध द्यावेच लागले, तर ते पितळेत किंवा तांब्यात तापवू नका, ठेवूही नका.