जुन्या मोटारीचा गिअर

राजूरच्या राजुरेश्वर गणपतीस अंगारकी चतुर्थीच्या दिवशीं लोटणारी गर्दी मराठवाड्यांत सर्वांच्या परिचयाची आहे. जालन्याहून पायीं निघालेले भाविक रस्ता व्यापून चाललेले असतात आणि वाहनांची रांग दोन हात सरकते, थांबते, पुन्हा सरकते. अशा रांगेंत जुन्या पद्मिनीच्या स्टीअरिंगमागें साठी उलटलेला एखादा गृहस्थ बसला आहे, अशी श्रोत्यांनीं कल्पना करावी. क्लच शंभरदां दाबून त्याच्या डाव्या गुडघ्यानें असहकार पुकारलेला आहे. गाडी वडिलांनीं घेतलेली, म्हणून विकवत नाहीं. पाय तर दाद देत नाहीं. शेजारच्या तरुणाची आपोआप गिअर बदलणारी नवी मोटार पाहून त्याच्या मनांत येतें कीं, तसलाच गिअरबॉक्स आपल्या गाडींत कां बसवूं नये?

प्रश्न साधा दिसतो. तसा तो नाहीं. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं १९४४ मध्यें स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत ही फियाट तयार होत असे; १९७४ पासून तिला पद्मिनी हें नांव मिळालें. तिचें इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचें, शक्ति सुमारें ४० घोड्यांची. चार गिअरांची दांडी स्टीअरिंगच्या खांबावर. स्वयंचलित गिअर कारखान्यानें तिला कधींच दिला नाहीं.

स्वयंचलित योजनेंत इंजिन आणि गिअर यांच्यामध्यें क्लचच्या तबकडीऐवजीं तेलानें भरलेला एक बंद डबा असतो. समोरासमोर दोन पंखे ठेवून एक चालू केला, तर त्याच्या वाऱ्यानें दुसराहि फिरूं लागतो. येथें वाऱ्याचें काम तेल करतें. म्हणूनच गाडी उभी राहिली तरी इंजिन बंद पडत नाहीं. परंतु दुसरा पंखा पहिल्याहून थोडा मागें राहतो, आणि त्या घसरणींत गेलेली शक्ति उष्णता होऊन तेलांत उतरते. अमेरिकेंत जनरल मोटर्सनें १९४० च्या ओल्ड्समोबाईल गाड्यांस हायड्रामॅटिक गिअर दिला, तेव्हां तेथील भल्यामोठ्या इंजिनांस ही गळती सहज सोसली. चाळीस घोड्यांच्या संसारांत मात्र ती जाणवल्यावांचून राहत नाहीं.

आणि कामाचा व्याप तरी केवढा! फ्लायव्हील काढून त्या जागीं निराळी तबकडी बसवावयाची. नवा डबा जाड, म्हणून पायाखालचा पत्रा कापावयाचा. मागच्या चाकांकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट लांबींत जुळवून त्याचा तोल पुन्हा साधावयाचा. तेल थंड ठेवण्यासाठीं नळ्या न्यावयाच्या. गाडी गिअरमध्यें असतां स्टार्टर फिरूं नये अशी तजवीज करावयाची. शाफ्टचा तोल चुकला कीं सारी गाडी थरथरूं लागते. उलट दिशेचा बदल, म्हणजे स्वयंचलित काढून हातचा गिअर बसविणें, पेडल, फ्लायव्हील आणि क्लचची सारी जोडणी मागतें. मात्र ज्या गाडीस कारखान्यानेंच दोन्ही प्रकार दिले होते, तेथें हें काम पुष्कळ सुकर होतें. १९५० ची शेव्हरले हातच्या तीन गिअरांसह मिळे आणि पॉवरग्लाईड या स्वयंचलित गिअरासहहि मिळे. तिचे भाग कोठें जुळतात हें तिच्या निर्मात्यानेंच ठरवून ठेवलें होतें. पद्मिनीच्या वाट्यास तें भाग्य नाहीं.

कायद्याचें अंगहि आहे. मूळ रचनेशीं विसंगत बदल करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें बावन्नावें कलम आडवें येतें, आणि २०१९ च्या आरंभीं सर्वोच्च न्यायालयानेंहि तें कडकपणें लावलें. पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठीं २०२१ मध्यें व्हिंटेज नोंदणीचे स्वतंत्र नियम झाले. परंतु तशी नोंदणी घेतलेली गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती यांपुरतीच रस्त्यावर आणतां येते, नित्याच्या वापरास नाहीं. म्हणजे जिच्यासाठीं एवढा खटाटोप करावयाचा, ती राजूरची वारीच हातची जावयाची!

मग त्या गृहस्थानें काय करावें? आधीं चांगल्या मिस्त्रीकडून क्लचची तपासणी करून घ्यावी. पुष्कळदां दोष गुडघ्याइतकाच झिजलेल्या तबकडींत आणि सुकलेल्या सांध्यांत असतो. एवढ्यानें भागलें नाहीं, तर क्लच हातानें दाबण्याची दांडी बसविण्याचा मार्ग आहे. अपंग चालकांसाठीं ही सोय आपल्याकडे केली जातेच. अशा व्यक्तींच्या सोयीसाठीं बदललेल्या वाहनास २०१९ च्या दुरुस्तीनें कायद्यांत स्थान दिलेलें आहे. तरीहि परिवहन कार्यालयाची संमति आधीं घ्यावी. यांत गिअरबॉक्स मूळचाच राहतो आणि पायाखालचा पत्रा कापावा लागत नाहीं. एकच सावधगिरी हवी: क्लच आणि गिअर हीं दोन्ही कामें डाव्या हातीं आलीं कीं चढावर गडबड होते, म्हणून टेकडीकडे नेण्यापूर्वीं मोकळ्या मैदानांत आठ दिवस सराव करावा.