सोयाबीन आणि करडई : एकाच रानातील दोन कुळे

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले, हे सर्वांना स्मरत असेल. मांजरेकाठचा लातूर असो वा गोदावरीकाठचा नांदेड, येथील कोरडवाहू शेतीत पिकाची पारख पाण्यावरूनच करावी लागते. त्या दृष्टीने सोयाबीन आणि करडई या दोन तेलबियांची तुलना उद्बोधक ठरेल.

सोयाबीन हे शिंबी कुळातील, तर करडई ही सूर्यफुलाच्या कुळातील. सोयाबीनचे फूल लहान, पानांच्या बेचक्यात दडलेले असते व त्यात बहुतांशी स्वपरागीभवनच होते. करडईचे बोंड मात्र एक फूल नव्हे; तो अनेक पुष्पकांचा गुच्छ असून त्यावर मधमाश्यांची वर्दळ असते. म्हणून मावा किडीवर औषध फवारताना मधमाश्यांच्या वावराची वेळ टाळावी.

खरा भेद जमिनीखाली आहे. सोयाबीनची बहुतेक मुळे वरच्या थरात राहतात. मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र पिकास मिळवून देतात. परंतु शेंगा भरताना पावसाने ओढ दिली, तर उतारा घटतो. करडईचे सोटमूळ भारी जमिनीत दोन मीटरपर्यंतही जाते आणि खालच्या थरातील ओल शोषून घेते. थंडीच्या दिवसांत पाऊस नसतानाही ती तग धरते, ती यामुळेच.

मग करडई मागे का पडली? सोयाबीनला बाजारपेठ व यंत्राची जोड मिळाली. करडईच्या काट्यांमुळे मात्र काढणीस मजूर सहसा तयार होत नाहीत. परभणी येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी कुसुम’ आणि बिनकाटेरी ‘पीबीएनएस-४०’ हे वाण दिले आहेत. काटेरी वाणाची काढणी पहाटे, दवाने काटे मऊ असताना करणे सोयीचे असते. यंत्रानेही काढणी करता येते.

तात्पर्य, ही दोन पिके परस्परांची वैरी नव्हेत. मध्यम ते भारी जमिनीत खरीप सोयाबीन निघताच, ओल उडण्यापूर्वी, रब्बी करडई पेरावी. पहिले पीक पावसाचे वरचे पाणी वापरते, दुसरे मुरलेले. शेतकरी बंधू-भगिनींनी निदान शेताच्या एका तुकड्यात हा क्रम करून पाहावा. पाऊस शेतकऱ्याच्या हाती नाही; मुरलेल्या ओलीचा उपयोग मात्र त्याच्याच हाती आहे.