शेजारी बसणारी माणसं

(नंदुरबार येथे मंडळीतील ज्येष्ठ सभासदांच्या दुपारच्या सभेत झालेलं भाषण, थोडं आटोपतं करून.)



मला बोलावताना सांगण्यात आलं, "ताई, इथे सगळे रिटायर लोक आहेत, सावकाश बोला, कुणाला घाई नाही." ते ऐकून मला बरं वाटलं, कारण मी तुमचा वेळच मागायला आले आहे. पैसे नाही, कपडे नाही, नाताळची भेटसुद्धा नाही. आठवड्यातले दोन दिवस, दर वेळी एक तास. त्या तासात पाड्यावरच्या शाळेतलं एक मूल तुमच्या शेजारी बसून मोठ्याने वाचेल आणि तुम्ही ऐकाल. नंतर दुसरं मूल. बस, एवढंच.

"आम्ही काय शिकवणार, आम्ही कुठे डी.एड. केलंय?" असं काही बहिणींनी मघाशी चहाच्या वेळी विचारलं. शिकवायचं नाहीच. शिकवायला शिक्षक आहेत. कमी आहे ती ऐकणाऱ्या माणसांची. जरा हिशेब करून बघा. वर्गात तीस मुलं असली आणि प्रत्येकाने रोज फक्त पाच मिनिटं मोठ्याने वाचायचं म्हटलं, तर अडीच तास लागतात. द्विशिक्षकी शाळेत एका गुरुजींकडे दोन-दोन इयत्ता असतात, वर पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती, निवडणुकीचं काम. ते अडीच तास आणणार कुठून? मग सगळा वर्ग एका सुरात वाचतो. त्या सुरात ज्याला येतं त्याचा आवाज मोठा असतो आणि ज्याला येत नाही तो ओठ हलवतो. शहरातल्या मुलाचं घरी कुणीतरी ऐकतं. पाड्यावरच्या मुलाचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले असतात.

2005 पासून आपल्या देशात 'असर' नावाची पाहणी होते. गावात घरी जाऊन मुलाच्या हातात एक कागद देतात. त्यावर अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. 2024 च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी निम्म्याहून थोडी कमीच मुलं ती दुसरीची गोष्ट वाचू शकली. हा सगळ्या देशाचा आकडा. आपल्या जिल्ह्यात सुमारे 69 टक्के लोक आदिवासी, आणि बहुतेकांच्या घरची भाषा पुस्तकातली नाही. आता आपल्या राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आली आहे. नापास झालं तर फेरपरीक्षा, तीही गेली तर मूल त्याच वर्गात राहतं. ज्या घरात आधीच एक पाय बैलगाडीत असतो, तिथे "पोरगं तिथंच राहिलं" याचा अर्थ काय होतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. पुढच्या हंगामात ते पोरगं आईबापाबरोबर बारडोलीकडे निघतं. मुलगी असेल तर धाकट्याला सांभाळायला.

नवापूर तालुक्यातल्या एका शाळेत पाचवीतला एक मुलगा होता. पुस्तक उघडलं की धडा घडाघडा म्हणायचा. पाहुण्यांना वाटे, वा! आपल्या सेवेत येणारे एक निवृत्त रेल्वे कर्मचारी त्याच्याकडे बसले. त्यांनी दोन दिवस नुसतं ऐकलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की बोट तिसऱ्या ओळीवर आहे आणि तोंड पाचव्या ओळीवर. त्यांनी काही न बोलता धड्यातला एकच शब्द उघडा ठेवला, बाकीचं पान पाटीने झाकलं. मुलगा गप्प. त्याला अख्खा धडा पाठ होता आणि त्यातला एक शब्द वाचता येत नव्हता. चार वर्षं हे कुणाला कळलं नव्हतं. यात गुरुजींचा दोष मी काढत नाही. चार वर्षं त्याचं एकट्याचं कुणी ऐकलंच नव्हतं, एवढंच.

मग आजोबांनी पाठ असलेलं पुस्तक बाजूला ठेवलं आणि न पाहिलेलं पातळ पुस्तक घेतलं, एका पानावर दोन ओळींचं. होळीपर्यंत तो परिच्छेद वाचू लागला. अडखळत, जोडाक्षरापाशी थांबत. चमत्कार वगैरे नाही. पण त्या वर्षी त्याच्या बापाने त्याला कोयत्यावर नेलं नाही. बाप म्हणाला, "वाचतोय तर वाचू द्या."

त्याच शाळेतली चौथीतली एक मुलगी मात्र जानेवारीत गेली. तिची मोठी बहीण आजारी पडली, तळावर बाळाला बघायला कुणी नव्हतं. तिच्याकडे बसणाऱ्या आपल्या निवृत्त सिस्टर पुढचे दोन शनिवार तिच्या वहीसकट जाऊन आल्या. होळीला घरं भरली, तेव्हा ती परत आली. शब्द वाचत होती ती पुन्हा अक्षरांवर आली होती. सिस्टरनी वहीचं नवीन पान काढलं. आता ती त्यांच्याकडेच बसते. हंगाम पुन्हा येणार आहे, आणि या वर्षी ती आजीजवळ पाड्यावर राहावी म्हणून आम्ही घरी बोलतो आहोत. काय होईल ते आज सांगता येत नाही.

आता भाषेबद्दल, कारण सगळी गाठ तिथे आहे. शाळेच्या भिंतीवरचा तक्ता आठवा. अ अननसाचा. सातपुड्याच्या पायथ्याला अननस कुणी बघितला? पण ते सोडा, त्याखाली आ आईचा. चित्रात बाई आहे, कडेवर मूल आहे. आपण पूजत नसलो तरी याहामोगीचं नाव या जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या नावातली 'याहा' म्हणजे आई. ज्या मुलाच्या घरी आईला 'याहा' म्हणतात, ते चित्र बघून काय म्हणणार? त्याच्या तोंडात 'या' येतो आणि भिंतीवर 'आ' असतो. मूल बरोबर आहे, तक्ताही बरोबर आहे, आणि तरी दोघांची भेट होत नाही.

इथे बसलेल्यांपैकी बरेच जण घरी मावची किंवा भिली बोलता, काही पावरी, काही कोकणी. मंडळीत आलात की मराठी. तुमच्या शाळेच्या दिवसांत घरची भाषा तोंडातून निघाली की छडी बसायची, हे मी तुमच्यापैकी कितीतरी जणांकडून ऐकलं आहे. म्हणून शाळेच्या दारात पाऊल ठेवलं की आजही तुम्ही आपोआप पुस्तकी बोलायला लागता. मी हात जोडून सांगते, या कामात तसं करू नका. मूल मराठी वाचेल ते मराठीतच वाचू द्या. पण ते थांबलं की तुमच्या भाषेत विचारा, मग काय झालं? त्याला त्याच्या भाषेत सांगू द्या. ज्या भाषेसाठी तुम्ही मार खाल्लात ती तुमची आज सगळ्यात मोठी पात्रता आहे. मला स्वतःला ती येत नाही. मी शहरात वाढलेली. मी मुलाचं वाचन ऐकू शकते, पण त्याला समजलं की नाही हे मला अर्धंच कळतं.

यावरूनच आम्हाला पाड्यावरच्या आज्या सापडल्या. आईबाप ऊसतोडीला जातात तेव्हा गावात उरतात म्हातारी माणसं आणि नातवंडं. आम्ही म्हटलं, आजीने संध्याकाळी नातवाचं वाचन ऐकावं. कुणीतरी हसलं. निरक्षर आजी काय ऐकणार? पण झालं असं, की नातू मराठीत गोष्ट वाचतो, आजीला काही कळत नाही, ती विचारते, "काय म्हणतंय पुस्तक?" आता नातवाला ते आपल्या भाषेत सांगावंच लागतं. नुसता सूर लावून भागत नाही, कारण आजी फसत नाही. शिक्षक फसेल, साहेब फसेल, मी फसेन. जिला खरंच गोष्ट ऐकायची आहे तिला अर्थ द्यावाच लागतो. आणि मग आजी म्हणते, "अशी गोष्ट मलाही येते." ती गोष्ट नातू त्याला जमेल तशी देवनागरीत लिहितो आणि दुसऱ्या दिवशी शाळेत वाचतो. आधीच ठाऊक असलेली गोष्ट वाचायला मुलाला किती सोपी जाते, ते एकदा येऊन बघा. शुद्धलेखन तिथे तपासू नका हं.

मुरबाड तालुक्यात फांगणे गावी 2016 साली महिला दिनाला आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी साड्या नेसून, पाटी-दप्तर घेऊन आज्या शिकायला बसल्या. तुमच्यापैकी काहींनी बातमी पाहिली असेल. आपण शाळा काढलेली नाही. पण नातवाचं ऐकता ऐकता एखाद्या आजीने स्वतःचं नाव लिहायला मागितलं, तर नाही म्हणू नका. आपल्या लक्ष्मीबाई टिळकही शाळेत गेलेल्या नव्हत्या. लग्नानंतर अक्षरं शिकल्या आणि 'स्मृतिचित्रे' लिहून गेल्या.

आता पवित्र शास्त्रातलं एक. प्रेषितांची कृत्ये, आठवा अध्याय. कूशी अधिकारी रथात बसून यशयाचं पुस्तक वाचतो आहे, आणि मोठ्याने वाचतो आहे, म्हणून तर फिलिप्पाला ते ऐकू आलं. फिलिप्पाने आधी ऐकलं. मग समजतं का म्हणून विचारलं. आणि त्या माणसाने वर बोलावल्यावरच तो रथात चढून शेजारी बसला. समोर उभा राहिला नाही. बोलावल्याशिवाय चढलाही नाही. आपणही मुख्याध्यापकांचं आणि शाळा व्यवस्थापन समितीचं लेखी बोलावणं असल्याशिवाय कुठल्याही शाळेत जात नाही.

तुमच्यातले जाणते म्हणतील, ताई, फिलिप्पाने पुढे सुवार्ता सांगितली, ते का गाळता? गाळत नाही. तो प्रौढ माणूस होता, पुस्तक त्याचं स्वतःचं होतं आणि प्रश्नही त्यानेच विचारला. आपल्यापुढे दुसऱ्याची लहान लेकरं आहेत, सरकारी शाळा आहे, आणि संविधानाचं कलम 28 आहे. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण द्यायचं नाही, असं ते सांगतं. म्हणून वाचनाच्या तासाला प्रार्थना नाही, गीत नाही, पत्रिका नाही, पिशवीत शास्त्र असलं तर पिशवीतच राहू द्या. हे मी भीतीपोटी सांगत नाही. पाड्यावरच्या आईने विश्वासाने मूल पाठवलं ते वाचायला. त्या विश्वासाच्या आड दुसरं काही ठेवणं मला आपल्या प्रभूला शोभणारं वाटत नाही. तीमथ्याची आजी लोईस हिच्याबद्दल पौल किती प्रेमाने लिहितो, पण ती त्याची स्वतःची आजी होती. आपण परकी माणसं आहोत, पाहुणे आहोत.

बसायचं कसं, ते थोडक्यात. मुलाच्या बाजूला बसा, पुस्तक दोघांच्या मध्ये. अडलं की मनात पाच आकडे मोजा, लगेच शब्द सांगू नका. म्हाताऱ्या माणसांना हे सोपं जातं, आम्हा तरुणांना तेवढा धीर नाही. प्रत्येक चूक दुरुस्त करू नका, अर्थ बदलला तरच थांबवा. 'चांगलं' म्हणा, पण खाऊ देऊ नका, नाहीतर मूल खाऊसाठी येईल आणि न मिळालेलं रडेल. मूल पुस्तक फार जवळ धरत असेल तर गुरुजींना सांगा, डोळे तपासायला हवेत. बसायचं नेहमी व्हरांड्यात, सगळ्यांना दिसेल असं. बंद खोलीत एका मुलाबरोबर कुणीही, कितीही वय झालेलं असलं तरी, बसणार नाही. फोटो नाहीत. आणि मुलाने त्याच्यावर होणाऱ्या अत्याचाराबद्दल काही सांगितलं तर ते पोटात ठेवायचं नाही. पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. त्याच दिवशी मला फोन करा, मी तुमच्याबरोबर येईन.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे येतो म्हटलं की या. मूल दर शनिवारी रस्त्याकडे बघतं. दोन आठवडे तुम्ही आला नाहीत तर ते तिसऱ्या आठवड्यात बघणं सोडतं. म्हणून ज्यांना गुडघ्याचा त्रास आहे, लेकीकडे सुरतेला महिना-महिना जायचं आहे, त्यांनी जोडीने नाव द्यावं. एक नसेल तेव्हा दुसरा, आणि दोघांनाही मुलाने ओळखलेलं असावं.

एसटीचं कारण सांगू नका बरं का. पंचाहत्तरीनंतर तिकीट मोफत आहे, पासष्टीनंतर अर्धं, आणि बहिणींना तर कुठल्याही वयात अर्धं. चढणीचे, लांबचे पाडे मी तुम्हाला देणार नाही. नंदुरबार आणि नवापूर तालुक्यांतल्या रस्त्यालगतच्या शाळाच यादीत आहेत. शनिवारी सकाळची शाळा असते, दुपारच्या जेवणाला तुम्ही घरी असाल.

यादी मागच्या बाकावर ठेवली आहे. नावापुढे तुम्हाला घरी बोलता येणारी भाषा लिहा, शिक्षण लिहिलं नाही तरी चालेल. दिवाळीची सुटी संपली की पहिल्याच शनिवारी निघायचं आहे. गाड्या ऊसतोडीला जातील त्याच आठवड्यात. वाचायचा चष्मा विसरू नका. मागच्या वर्षी तीन जण एकाच चष्म्यावर होते.