दोऱ्याने बांधलेल्या वह्या



आजच्या कवयित्रीबद्दल आपण बहुतेकांनी दोनच गोष्टी ऐकलेल्या असतात. ती पांढरे कपडे घालायची आणि घराबाहेर पडत नसे. एमिली डिकिन्सन म्हटलं की जिन्यावर उभी असलेली एक पांढरी आकृती डोळ्यांपुढे येते आणि मग बोलणं तिथेच अडकतं. ती का बाहेर पडत नसे, कुणाच्या प्रेमात होती, काही आजार होता का? दीडशे वर्षं हेच चाललंय. मी आज तिच्या वह्यांपासून सुरुवात करते.

१८५८च्या सुमारास, म्हणजे वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षाच्या आगेमागे, तिने कविता नीट उतरवून ठेवायला घेतल्या. पत्र लिहायचा मधोमध दुमडलेला कागद, म्हणजे एका तावाची चार पानं. त्यांवर शाईने कविता लिहायच्या. असे चार-पाच ताव भरले की एकावर एक रचायचे, कडेला दोन भोकं पाडायची आणि दोरा ओवून गाठ मारायची. वहीवर नाव नाही, कवितेला शीर्षक नाही, पानांवर आकडे नाहीत. पुढच्या सहा-सात वर्षांत अशा ४० वह्या झाल्या. त्यांत आठशेच्या आसपास कविता आहेत.

यातलं एखादं पान जवळून पाहावं. ओळीतल्या एखाद्या शब्दाशेजारी बारीकशी फुली दिसते. कविता संपते तिथे, पानाच्या तळाशी, पुन्हा तशीच फुली आणि तिच्यापुढे दुसरा शब्द. कधी दोन, कधी चार. वरचा शब्द मात्र खोडलेला नाही. ही कच्ची प्रत नव्हे, पक्क्या शाईत उतरवलेली प्रत आहे. तरीही कवयित्री सांगते की इथे हाही शब्द आहे आणि तोही आहे. मला तिच्या साऱ्या आयुष्याची किल्ली या फुलीत दिसते.

छापणाऱ्याला एकच शब्द लागतो. ती हयात असताना तिच्या जेमतेम दहा-बारा कविता छापल्या गेल्या, त्याही निनावी. १८६६ साली गवतातल्या सापावरची तिची एक कविता स्प्रिंगफील्डच्या वर्तमानपत्रात आली. वर शीर्षक चढवलेलं, आणि एका ओळीअखेर तिला नको असलेलं विरामचिन्ह, त्यामुळे पुढच्या ओळीशी असलेला सांधा तुटलेला. कविता आपल्याकडून चोरली गेली, असं तिने पत्रात कळवलं. एका विरामचिन्हासाठी एवढा त्रागा! पण कवितेचा श्वास कुठे थांबतो हे जिला नेमकं ठाऊक होतं, तिला ते विरामचिन्ह खुपणारच. ती स्वल्पविरामाच्या जागी आडवी रेघ ओढायची. चाल बहुधा प्रार्थनागीतांची, लहानपणापासून चर्चमध्ये कानांवर पडलेली. आपल्याकडे जात्यावर बसलेल्या बाईला ओवीची चाल शिकावी लागत नाही, तशी ती चाल तिच्या अंगात होती. त्या ओळखीच्या चालीत ती मध्येच रेघ ओढते, यमक किंचित चुकवते, आणि ऐकणारा दचकतो.

तिने वाचक नाकारले, असं मात्र म्हणू नका. शेजारच्याच घरात राहणाऱ्या भावजयीला, सूझनला, तिने अडीचशेहून अधिक कविता पाठवल्या. तिची हजारावर पत्रं आज उपलब्ध आहेत. फुलांच्या गुच्छाबरोबर कविता जायची, सांत्वनाच्या चिठ्ठीत जायची. नको होता तो फक्त छापखाना.

एप्रिल १८६२मध्ये तिने टॉमस वेंटवर्थ हिगिन्सन यांना पत्र लिहिलं. नवोदित लेखकांना सल्ला देणारा त्यांचा लेख ‘अटलांटिक मंथली’त नुकताच आला होता. पत्रात चार कविता होत्या आणि प्रश्न एकच, माझ्या कवितेत जीव आहे का? पत्राखाली सही नव्हती. आत आणखी एक छोटं पाकीट होतं आणि त्यातल्या कार्डावर तिचं नाव. हिगिन्सननी छापण्याची घाई करू नका म्हणून सांगितलं. ती त्यांना आयुष्यभर गुरू मानत राहिली, पत्राखाली स्वतःला त्यांची शिष्या म्हणवत राहिली, पण लिहायची रीत तिने तसूभरही बदलली नाही. आठ वर्षांनी, ऑगस्ट १८७०मध्ये, ते भेटायला आले तेव्हा तिने ओळख म्हणून लिलीची दोन फुलं त्यांच्या हातात ठेवली. मी अनोळखी माणसांना भेटत नाही, काय बोलावं कळत नाही, असं म्हणाली आणि मग अखंड बोलत राहिली. तिच्यासारखं मला आजवर कुणी दमवलं नव्हतं, असं त्यांनी नंतर पत्नीला कळवलं.

आता त्या घराबद्दल. मॅसॅच्युसेट्समधल्या ॲम्हर्स्टला, आजोबांनी बांधलेल्या विटांच्या घरात १० डिसेंबर १८३० रोजी ती जन्मली. आजोबा तिथल्या कॉलेजच्या संस्थापकांपैकी, वडील एडवर्ड वकील आणि काही काळ अमेरिकन काँग्रेसचे सदस्य. वडिलांना तिच्याच हातचा पाव लागे, म्हणून पाव तीच भाजायची. १८५६च्या गावच्या प्रदर्शनात तिच्या पावाला दुसरं बक्षीस मिळालं होतं. नारळाच्या केकची कृती लिहिलेल्या एका कागदाच्या पाठीवर तिची कविता सापडते. डोळ्यांच्या उपचारांसाठी १८६४ आणि १८६५ साली ती काही महिने मॅसॅच्युसेट्समधल्याच केंब्रिजला राहिली आणि त्यानंतर तिने ॲम्हर्स्ट जवळजवळ सोडलंच नाही. १८७५पासून आई अंथरुणाला खिळली. पुढची सात वर्षं दोघी बहिणींनी तिची सेवा केली. ही बाई जगापासून पळाली म्हणणाऱ्यांनी ती सात वर्षं जरा मोजून पाहावीत. आणि त्याआधी, अमेरिकेतलं यादवी युद्ध ऐन भरात होतं, त्या १८६३ सालच्या एका वर्षात तिच्या सुमारे ३०० कविता मोजल्या गेल्यात. त्यासाठी किती दारं लावून घ्यावी लागली असतील!

१५ मे १८८६ रोजी ती गेली. सांगून ठेवल्याप्रमाणे बहीण लव्हिनियाने तिला आलेली पत्रं जाळली. आणि मग खणात तिला त्या वह्या दिसल्या. इतक्या कविता आहेत हे एका घरात राहणाऱ्या बहिणीलाही ठाऊक नव्हतं. १८९० साली मेबल लूमिस टॉड आणि हिगिन्सन यांनी पहिला संग्रह काढला, तो शीर्षकं देऊन, यमकं गुळगुळीत करून. जे तिला नको होतं तेच घडलं. पण ते घडलं नसतं तर आज मी इथे उभी नसते, हेही खरं आहे. दोन वर्षांत त्या पुस्तकाची ११ मुद्रणं झाली. पुढे घराण्यात वितुष्ट आलं, हस्तलिखितांची वाटणी झाली. काही हार्वर्डला गेली, काही ॲम्हर्स्ट कॉलेजात. आडव्या रेघांसह सर्व कविता एकत्र छापल्या जायला टॉमस जॉन्सन यांची १९५५ची आवृत्ती यावी लागली.

एक गोष्ट तरीही राहिली होती. सुरुवातीच्या संपादनात वह्यांचे दोरे काढून टाकले गेले होते. ताव सुटे झाले होते, कोणती कविता कोणत्या वहीत, कशाच्या शेजारी, ते कळेनासं झालं होतं. संपादक राल्फ फ्रँकलिन यांनी एकेक ताव समोर ठेवला. कागदाचे डाग आणि शाईचे ठसे जुळवले, आणि एका तावावरची भोकं दुसऱ्या तावावरच्या भोकांवर बरोबर बसतात का ते तपासलं. १९८१ साली चाळीसही वह्या तिने बांधल्या होत्या त्या क्रमाने, तिच्याच अक्षरात, छायाचित्रांतून प्रसिद्ध झाल्या. पानांच्या तळाशी त्या फुल्या आहेत आणि कडेला दोन-दोन भोकं.