बांधावर आणि माळावर गवत कसे धराल?



आज कापसाविषयी किंवा तुरीविषयी बोलायचे नाही. बोलायचे आहे ते गवताविषयी. तुम्ही म्हणाल, गवत काय पेरायचं असतं? ते आपोआप उगवतं. खरे आहे. पण शिरूर कासारच्या आसपासच्या माळांवर आपोआप काय उगवते, ते एकदा श्रावणात फिरून पाहा. कुसळी, तरवड आणि गाजरगवत. जनावराने वर्षानुवर्षे चांगले गवत निवडून खाल्ले, त्याला बी धरू दिले नाही. जे खाण्याजोगे नव्हते तेवढे मागे उरले आणि तेच पसरले.

याची झळ लागते ती उन्हाळ्याच्या तोंडाशी. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या टोळ्या ऊसतोडीला जातात. गाडीच्या बैलांना तिकडे वाढे मिळते. गाई-शेळ्या मात्र घरी, म्हाताऱ्या माणसांच्या भरवशावर. गाड्या परत येतात तेव्हा वाढे बंद झालेले असते आणि घरचा कडबाही संपत आलेला असतो. 2018 साली पाऊस हुकला आणि 2019 च्या उन्हाळ्यात बीड जिल्ह्यात जागोजागी चारा छावण्या उघडाव्या लागल्या. अशा वेळी दारात गवताची एक गंजी असली, तर निदान गाय बाजाराला न्यायची घाई होत नाही.

आता निवड कशी करायची ते पाहू. सिंदफणेच्या काठची काळी, मध्यम जमीन असेल आणि बांधावर गवत हवे असेल, तर मारवेल लावावे. पाला मऊ, जनावर आवडीने खाते, आणि मुळ्या बांधाची माती धरून ठेवतात. 2025 च्या सप्टेंबरात सिंदफणेला पूर आला, तेव्हा उघड्या बांधांचे काय होते हे वेगळे सांगायला नको. हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत अंजन चांगले. पाणी साचणाऱ्या जागी ते लावू नये, पिवळे पडते. अगदी मुरमाड उतारावर डोंगरी गवत किंवा पवना धरावे. आणि गवत कोणतेही असो, त्यात थोडे स्टायलो मिसळावे. ते द्विदल आहे, हवेतले नत्र जमिनीत आणते, आणि त्यामुळे वैरण सकस होते.

बियाण्याकडे नीट लक्ष द्या. गवत न उगवण्याचे खापर आपण पावसावर फोडतो, पण पुष्कळदा दोष बियाण्यात किंवा पेरण्यात असतो. अंजनाचे बी म्हणजे केसाळ बोंडी. पुष्कळ बोंड्या नुसत्या पोकळ असतात. विकत घेताना मूठभर तळहातावर चोळून पाहा, आत दाणा लागतो का ते. शिवाय ताजे बी झोपलेले असते, लगेच उगवत नाही. म्हणून गेल्या हंगामातले, आठ-दहा महिने कोरड्या जागी ठेवलेले बी घ्यावे. स्टायलोच्या दाण्याचे टरफल कठीण असते. पाणी उकळू न देता चांगले कढत करावे, त्यात बी चार-पाच मिनिटे ठेवावे, मग रात्रभर थंड पाण्यात भिजवून सकाळी सावलीत सुकवावे.

एकरी दोन किलो अंजन पुरते. पण दोन किलो हलके बी हाताने फेकले, तर निम्मे वाऱ्यावर जाते. त्यात चार-पाच पट ओलसर माती मिसळा, म्हणजे हाताला येते. मृगाच्या चांगल्या पावसानंतर वापसा आला की दीड फुटावर उथळ रेघा ओढून त्यात बी टाकावे आणि वरून काटेरी फांदी फिरवावी. एवढीच माती पुरे. ज्वारीसारखे पाभरीने खोल पेरले, तर ते बी वर येणारच नाही. अर्ध्या इंचापेक्षा खोल नको.

मारवेलाचे मात्र बी शोधत बसू नये. मुळासकट ठोंब आणावेत, पाला छाटावा, आणि झडीच्या दिवसांत बांधाच्या दोन्ही अंगांना फूट-दीड फुटावर लावावेत. महिन्याने खुरपणी करून, ओल असताना एकरी वीस-पंचवीस किलो युरिया द्यावा. गाजरगवत फुलावर येण्याआधी उपटा, नंतर उपटून उपयोग नाही.

पहिले वर्ष जनावर आत सोडायचे नाही. एक दिवसही नाही! कोवळा ठोंब गाईच्या तोंडाबरोबर मुळासकट निघून येतो. शेजाऱ्याच्या शेळ्यांचे काय, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याला कुंपणापेक्षा चार घरांनी मिळून केलेली चराईबंदी बरी. पहिल्या वर्षी बी गळू द्यावे, मगच विळ्याने कापावे. दुसऱ्या वर्षापासून फुलोरा दिसला की कापणी करावी. साधारण टोळी निघण्याआधीच ती उरकते, म्हणजे घरी हात असतानाच गंजी लागते. जमिनीपासून चार बोटे तरी बुडखा ठेवावा, त्यातूनच पुढचा फुटवा येतो. पिकून पिवळे पडलेले गवत दिसायला ढीगभर, पण अंगाला लागत नाही. आणि कुसळी शिल्लक असेल तर कुसळे कडक होण्याआधी कापा. मेंढराच्या लोकरीत आणि वासराच्या तोंडात ती रुतली की त्रास होतो.

काहीजण विचारतात, शाळेच्या पटांगणात हिरवळ करायची आहे, कोणते गवत लावू? बाहेरून महाग बी आणू नका. आपली हराळी, म्हणजेच दूर्वा, ऊन सोसते आणि पायाखाली तुडवली तरी पुन्हा फुटते. जमीन खणून दगड वेचावेत, कांड्या तोडून चार-चार बोटांवर लावाव्यात, पाणी देऊन रोळ फिरवावा. भर सावलीच्या झाडाखाली ती धरत नाही, तो भाग सोडून द्यावा. पण हीच हराळी काळ्या रानाच्या बांधावर मात्र नेऊ नका. एका पावसाळ्यात ती पिकात शिरते, आणि मग तिच्या काशा खणून काढता काढता कंबर मोडते.

मारवेलाचे ठोंब आणि गवताचे बियाणे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या चारा पिके संशोधन प्रकल्पात विचारावे. परभणीच्या कृषी विद्यापीठातही चौकशी करावी. जूनमध्ये सगळ्यांची एकदम गर्दी होते, म्हणून मे महिन्यातच मागणी नोंदवा. आणि ठोंब आणाल ते ओल्या पोत्यात गुंडाळून आणा, एका दिवसात लावून टाका.